लेखनाची चाचणी बाकी

परीक्षा बदलली की पालकांना ते समजावून सांगायचं काम मोएरोआ कामानाच्या अंगावर यायचं. हे कुणी ठरवलेलं नव्हतं, पडत आलेलं होतं. ती शाळेची उपमुख्याध्यापिका. इंग्रजी आणि बेटांवरची भाषा, दोन्हींत तिची जीभ सारखीच चालायची. पाइनच्या जंगलांनी वेढलेल्या त्या गिरणीच्या गावात निम्मी वस्ती कुक बेटांवरून कामाला आलेल्यांची. त्यांतलं एक तरी पोर मोएरोआच्या हाताखालून गेलं नाही, असं घर शोधून सापडलं नसतं. मुख्याध्यापक ग्रेग हॅलेट भला माणूस होता. पण तो पालकांसमोर बोलायला उभा राहिला की म्हाताऱ्या बायका छान माना डोलवायच्या आणि घरी जाताना एकमेकींना विचारायच्या, "काय म्हणत होता गं तो?" म्हणून मग मोएरोआ.

त्या वर्षीच्या हिवाळ्यात, तिकडे तो जून-जुलैत येतो, गिरणीतलं कागदाचं यंत्र बंद झालं. मोएरोआचा नवरा मेतुआ त्या यंत्रावर होता. बाकीच्या बऱ्याच जणांबरोबर तोही ऑस्ट्रेलियातल्या खाणीवर निघून गेला. पोरं आधीच आपापल्या वाटेला लागलेली. दात काढण्याआधी डॉक्टर सुई देतो आणि मग आपलाच गाल आपला राहत नाही, चावला गेला तरी कळत नाही, तसं तेव्हापासून मोएरोआचं सगळंच झालं होतं. ती रडली नाही. चिडलीही नाही. शाळेत वेळेवर जायची, वह्या तपासायची, रविवारी चर्चमध्ये खालच्या पट्टीत नेमकं गायची. घरी आली की ताटलीत काहीतरी घेऊन दिवाणखान्यात बसायची, आणि ताटली रिकामी झाल्यावर आपण काय खाल्लं ते आठवायला लागायचं.

मेतुआ रविवारी दुपारी फोन करायचा.

"इकडे ये की. इकडेपण शाळा आहेत. मास्तरणींना तर हे लोक डोक्यावर घेतात."

"बघू."

"बघू म्हणजे हो की नाही?"

"बघू म्हणजे बघू."

मग फोनमधून तिकडच्या वाऱ्याचा आवाज यायचा. "जेवलीस?" तो विचारायचा. ती "जेवले" म्हणायची आणि फोन संपायचा.

नोव्हेंबरात सभा ठेवायची वेळ आली. समजावायच्या गोष्टी दोन होत्या. पहिली जुनी, पण कुणाच्या गळी उतरलेली नव्हती. मुलं वर्षभर वर्गातली कामं करून, परीक्षा देऊन क्रेडिट गोळा करतात, तेवढ्यावर आता प्रमाणपत्र मिळत नव्हतं. वाचन, लेखन आणि गणित अशा तीन वेगळ्या चाचण्या संगणकावर द्याव्या लागत होत्या. त्यांतली एक जरी राहिली, तरी क्रेडिटचा डोंगर रचलेला असो, प्रमाणपत्र अडकलं. दुसरी गोष्ट नवी. हे क्रेडिटचं सगळं प्रकरणच काही वर्षांत जाणार होतं. आता लहान वर्गांत असलेल्यांना पुन्हा गुण, पुन्हा टक्के. अभ्यासक्रमही नवा. ग्रेगने पडद्यावर दाखवायला रंगीत तक्ते केले होते. मोएरोआने ते पाहिले, दोन शब्द बदलले आणि परत पाठवले.

सभा संध्याकाळी होती, पण उजेड चांगला होता. शाळेच्या हॉलमध्ये खुर्च्या मांडून झाल्या होत्या. शेवटच्या वर्गाच्या मुली चहाच्या टेबलामागे उभ्या होत्या. त्यांत राकेई होती. उंच, खांद्यात किंचित वाकलेली, सगळ्यांचे कप सरळ रेषेत लावत होती. तिच्या आईचं नाव तुआइने, ती गावातल्या वृद्धाश्रमाच्या धुलाईत कामाला. ती कामावरून तशीच आली, हातात डोनटचं मोठं ताट घेऊन. मोएरोआ आणि ती एकाच चर्चच्या, एकाच वयाच्या. दोघींनी एकेकाळी शाळेच्या नेटबॉल संघात एकमेकींचे केस ओढलेले.

"अगं, शेवटच्या शनिवारी मोकळी आहेस ना?" ताट ठेवता ठेवताच तुआइने म्हणाली. "नसलीस तर हो."

"काय आहे?"

"काय आहे म्हणे! राकेईचं जेवण. पोरगी शाळा संपवतेय माझी. चर्चचा हॉल घेतलाय, डुक्कर सांगून ठेवलंय. आमचे म्हातारबाबा ऐतुताकी बेटावरून यायचेत, विमानात बसायला घाबरतात तरी. सिडनीची मंडळी येतायत. हिच्या आधी आमच्या घरात ते प्रमाणपत्र कुणी आणलंय? तू दोन शब्द बोलायचे. जास्त नको हां, तुझी सवय मला माहितेय, मटण गार होतं."

चाचण्यांचे निकाल आदल्या आठवड्यात आले होते. राकेईचे क्रेडिट हवे त्याहून जास्त झाले होते. वाचन झालं होतं, गणित झालं होतं. लेखन राहिलं होतं, तिसऱ्यांदा. निकाल मुलांना थेट कळत. घरी फोन करणं शाळेचं काम, म्हणजे मोएरोआचं. तो फोन तिने उद्यावर टाकला होता, मग पुन्हा उद्यावर. न करण्याला कारण असं काही नव्हतं.

तुआइनेला माहीत नाही, हे तिला त्या क्षणी स्पष्ट कळलं. तिला बाजूला घ्यावं, व्हरांड्यात न्यावं, असंही डोक्यात आलं. अजून वेळ होता. चर्चचे पाळक यायचे होते, लोक दारात एकमेकांच्या गळ्यात पडत होते.

"येईन," मोएरोआ म्हणाली.

"आणि ते राखाडी जाकीट घालू नकोस," तुआइने म्हणाली. "अंत्यविधीला आल्यासारखी दिसतेस."

पाळकांनी प्रार्थना म्हटली. ग्रेग थोडं बोलला आणि बसला. मोएरोआ उठली. एक वाक्य इंग्रजीत, तेच मागच्या ओळींतल्या म्हाताऱ्यांसाठी बेटांच्या भाषेत, असं तिचं नेहमीचं चालू झालं. क्रेडिट म्हणजे काय. चाचण्या कशाला आल्या. किती वेळा देता येतात. लोक ऐकत होते, कुणी बाळाला थोपटत होतं.

लाकडाचा ट्रक चालवणारा तेरे मध्येच उठला. "मोएरोआ, ही क्रेडिटची भानगड पहिल्यांदा आली तेव्हा तूच इथे उभी राहून म्हणाली होतीस, आता कुणी नापास व्हायचं नाही. त्या भरवशावर मी पाच पोरं काढली."

हॉल हसला.

"पाचही झाली ना पास?" मोएरोआने विचारलं.

"चार झाली. पाचवं आता तुझ्या तावडीत आहे. मी काय म्हणतो, सहावं काढू का नको, तेवढं सरकारला विचारून सांग."

"तुझ्या बायकोला विचार आधी!" मागून एक म्हातारी ओरडली आणि पुन्हा हशा पिकला. मोएरोआही हसली. तोंड हसलं ते तिला जाणवलं.

"पण खरं सांगू का," दुसरी एक बाई म्हणाली, "मला नाही कळलं. क्रेडिट झाले तरी पास नाही? म्हणजे दुकानात पैसे भरले, सामान पिशवीत घातलं, आणि दारात कुणी म्हणायचं, ठेव खाली?"

"साधारण तसंच," मोएरोआ म्हणाली.

तेव्हा तुआइने उठली. ती पहिल्या रांगेत होती. मैत्रिणीला हातभार लावावा, लोकांना उदाहरणाने कळावं, म्हणून ती उठली होती. तिच्या चेहऱ्यावर अभिमान होता, आणि तो लपवायचं तिला काही कारण नव्हतं.

"थांबा गं, मी विचारते म्हणजे सगळ्यांना कळेल. मोएरोआ, आता माझ्या राकेईचंच घे. तिचे सगळे क्रेडिट झालेत. तिला आता काही अडचण नाही ना?"

चहाच्या टेबलापाशी एक कप बशीवर टेकल्याचा आवाज झाला.

अशा वेळी काय म्हणायचं ते ठरलेलं होतं. एकेका मुलाबद्दल आपण नंतर बोलू, असं म्हणायचं. मोएरोआने नव्या शिक्षकांना ते स्वतः शिकवलं होतं. पण तिला प्रश्न विचारला गेला होता आणि तिला उत्तर माहीत होतं.

"राकेईचे क्रेडिट झालेत," ती म्हणाली. "वाचन आणि गणित झालंय. लेखनाची चाचणी बाकी आहे. ती होईपर्यंत प्रमाणपत्र मिळणार नाही."

आणि संध्याकाळभर जसं केलं होतं तसंच, त्याच आवाजात, तिने ते सगळं बेटांच्या भाषेत पुन्हा सांगितलं. मागच्या ओळीतल्या एका आजीने हळहळून "अरेरे" केलं, तेव्हा कुठे मोएरोआच्या ध्यानात आलं की आपण ते दोनदा सांगितलं.

तुआइने उभीच होती. "बरं," ती म्हणाली. मग बसली. पर्स मांडीवर घेतली, तिची चेन उघडली, पुन्हा लावली.

ग्रेगने खाकरून पुढचा तक्ता लावला. मोएरोआने नव्या अभ्यासक्रमाबद्दल सांगितलं, गुणांबद्दल सांगितलं, सगळं बरोबर सांगितलं. टेबलामागे राकेई चहा ओतत राहिली. लोक कप घ्यायला गेले तेव्हा तिच्याशी कुणी काही बोललं नाही, फक्त प्रत्येकाने "थँक यू, बाळा" म्हटलं, नेहमीपेक्षा जरा मोठ्याने. डोनटचं ताट अर्धं तसंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी ग्रेगने तिला खोलीत बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"नाव घेऊन सांगायला नको होतं, मोएरोआ."

"हो."

"तिने तक्रार केली तर मला लेखी उत्तर द्यावं लागेल."

"दे."

त्याने समोरचा कागद बाजूला सारला. "तू बरी आहेस ना? चार दिवस रजा घे हवी तर."

"बरी आहे," ती म्हणाली. "रजा घेऊन काय करू?"

तुआइनेने तक्रार केली नाही. रविवारी चर्चमध्ये ती तीन ओळी पुढे जाऊन बसली, एवढंच. दुपारी मेतुआचा फोन आला. "शाळेत काय विशेष?" त्याने विचारलं. "काही नाही," मोएरोआ म्हणाली. "सभा झाली."

आठवडा गेला आणि ती तुआइनेच्या घरी गेली. जावंसं वाटलं म्हणून गेली असं नाही. जायला हवं होतं. तुआइने गॅरेजमध्ये जमिनीवर बसून गोधडी शिवत होती. तिवाएवाए म्हणतात तिला, पांढऱ्यावर लाल जास्वंदीची मोठमोठी फुलं. राकेईच्या जेवणात तिच्या खांद्यावर घालायची, ती. मोएरोआ दारात उभी राहिली. तुआइनेने मान वर केली नाही.

"दोन भाषांत सांगितलंस," ती म्हणाली. "एक पुरली नसती?"

मोएरोआ दारातून आत आली.

"इंग्रजीत सांगून थांबली असतीस तर निम्म्यांना कळलंच नसतं. मी म्हटलं असतं, किरकोळ काहीतरी राहिलंय. पण नाही. बाईसाहेबांनी भाषांतर केलं. माझ्या मावससासूला ऐकू येत नाही, तिलासुद्धा ऐकू गेलं!" तिने दोरा दाताने तोडला. "त्याच्या आधी तू माझ्यासमोर उभी होतीस. मी तुला जेवणाचं सांगत होते. तेव्हा माहीत होतं तुला?"

"होतं."

"आणि 'येईन' म्हणालीस."

"हो."

"का गं?"

मोएरोआने खरंच विचार केला. "माहीत नाही," ती म्हणाली. "सांगायला हवं होतं. कळत होतं मला. पण हात उचलायला जावं आणि हाताला मुंग्या आलेल्या असाव्यात, तसं झालंय माझं. मेतुआ गेल्यापासून सगळंच."

तुआइनेने तेव्हा पहिल्यांदा वर पाहिलं. तिचाही दीर त्याच खाणीवर गेला होता.

"माफी मागायला आलीस?"

"हो. चूक झाली. तुझीही माफी मागते, तिचीही."

"बस मग. ती कडा धर. ओढू नकोस, नुसती धर."

मोएरोआ जमिनीवर बसली आणि गोधडीची कडा धरली. तुआइने काही वेळ टाके घालत राहिली.

"जेवण होणार आहे," मग ती म्हणाली. "तिकिटं काढलीत लोकांनी. डुकराला काय सांगू, लेखन राहिलंय, परत जा? पण म्हातारबाबांना मी काही सांगणार नाही. मला येत नाही ते समजावता. मी दोनदा स्वतःशीच म्हणून पाहिलं, तिसऱ्या वाक्याला माझंच डोकं फिरतं. तू सांग. समजावणं तुझं काम ना? मग समजाव. सगळ्यांसमोर, दोन्ही भाषांत."

"सांगेन," मोएरोआ म्हणाली.

राकेई मागच्या पायरीवर बटाटे सोलत होती. मोएरोआ तिच्या शेजारी बसली. "त्या दिवशी मी तुझं नाव घ्यायला नको होतं," ती म्हणाली. "चुकलं माझं."

राकेईने खांदे उडवले. "मी आईशी खोटं नव्हते बोलले, मिस. तिने विचारलं क्रेडिट झाले का, मी म्हटलं झाले. तिने चाचणीचं विचारलंच नाही. तिला माहीतच नव्हतं चाचणी असते ते."

"लेखनात होतं काय तुझं? वर्गात तर लिहितेस."

राकेईने सोललेला बटाटा पाण्यात टाकला. "प्रश्नात मत विचारतात. शाळेत फोनवर बंदी असावी का, तुमचं मत लिहा. मी लिहायला घेते. असावी म्हणणाऱ्यांचं बरोबर वाटतं. मग नसावी म्हणणाऱ्यांचंपण बरोबर वाटतं. दोन्ही लिहिते, खोडते, वेळ संपतो. तिन्ही वेळा तेच." तिने पुढचा बटाटा घेतला. "मला मत नसतं, मिस. घरी आजीचं मत असतं, आईचं असतं, चर्चचं असतं. माझ्यापर्यंत येईस्तोवर मतं संपलेली असतात."

मोएरोआला हसू यायला हवं होतं. ते आलं नाही, पण तिने दुसरी सुरी घेतली आणि बटाटे सोलू लागली.

"मेमध्ये पुन्हा चाचणी आहे," ती म्हणाली. "शाळा सुटली तरी देता येते. उन्हाळ्याची सुट्टी संपली की मंगळवारी माझ्या खोलीत ये, आपण बसू. तू ठरवलेल्या नर्सिंगला येत्या फेब्रुवारीत नाही जाता येणार. त्याच्या पुढच्या वर्षी."

"आणि तेव्हाही राहिलं तर?"

"तर पुन्हा. किती वेळा द्यायची त्याला मर्यादा नाही. ते मी सभेत सांगितलं होतं."

"दोन्ही भाषांत," राकेई म्हणाली, आणि खाली मान घालून किंचित हसली.

शनिवारी चर्चचा हॉल भरला. टेबलांवर डुक्कर, अळूसारख्या तारोचे कंद, त्याच्याच पानांचा नारळाच्या दुधातला रुकाऊ, बीट घातलेलं गुलाबी बटाट्याचं सॅलड. राकेईच्या डोक्यावर फुलांचा मुकुट होता आणि चेहऱ्यावर परीक्षेला बसल्यासारखा भाव. म्हातारबाबा, म्हणजे तुआइनेचे वडील तेआरिकी, मधल्या खुर्चीत बसले होते. पांढरा सदरा, पायात नवे बूट, ते त्यांना चावत असावेत, कारण त्यांनी टाचा बाहेर काढून ठेवल्या होत्या.

मोएरोआ उभी राहिली. तिने राखाडी जाकीट घातलं नव्हतं. तिने सगळं सांगितलं: क्रेडिट, तीन चाचण्या, त्यांतल्या दोन झालेल्या, एक बाकी. प्रमाणपत्र अजून नाही, मेमध्ये पुन्हा प्रयत्न. या पोरीने शाळेचं सगळं काम केलं आहे आणि ती आळशी नाही, हेही सांगितलं. सिडनीची मंडळी आपापसांत कुजबुजली. तुआइने ताटांकडे बघत उभी होती.

म्हातारबाबांनी हात वर केला. "ही चाचणी हिच्या थोरल्या चुलतभावाला होती का?"

"नव्हती, बाबा. नंतर आली."

"आणि हिच्या धाकट्या भावाला असेल?"

"त्याच्या वेळेपर्यंत सगळंच बदलायचं आहे. त्याला गुणांची परीक्षा असेल. कशी, ते अजून पुरतं ठरलेलं नाही."

"अजून ठरतंय?"

"ठरतंय."

म्हातारबाबांनी मान हलवली. काठी टेकून ते उठले, राकेईला जवळ बोलावलं आणि ती गोधडी स्वतःच्या हाताने तिच्या खांद्यावर घातली. मग खणखणीत आवाजात बोलले.

"मला सगळं नीट कळलं. आमची राकेई सगळ्यांत पास आहे. फक्त एक परीक्षा आहे, जी सरकारची अजून बनवून झालेली नाही. ती बनवून झाली की त्यांनी कळवावं. तोवर आपण जेवून घेऊ."

तेरे टाळ्या वाजवायला लागला, आणि सगळा हॉल हसत, रडत, टाळ्या वाजवत उठला. ढोल वाजू लागला. म्हातारबाबांना आपण काही विनोद केला असं वाटलं नव्हतं. ते इकडेतिकडे बघत होते. तुआइनेने मोएरोआकडे पाहिलं. आता दुरुस्त कर, असं तिच्या नजरेत होतं की अजिबात करू नकोस, ते कळत नव्हतं. मोएरोआने दुरुस्त केलं नाही. ती खाली बसली.

तिच्या आजूबाजूला बायका डोळे पुसत होत्या. राकेई आजोबांच्या खांद्यात तोंड घालून रडत होती, लाल जास्वंदीची फुलं हलत होती. मोएरोआने स्वतःला तपासून पाहिलं. काही नव्हतं. समोर गुलाबी सॅलड होतं, ते तिने खाल्लं. ते खारट झालं होतं, एवढं मात्र तिला कळलं.

फेब्रुवारीत शाळा उघडली. राकेई आईबरोबर वृद्धाश्रमाच्या धुलाईत लागली होती. मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत ती शाळेत यायची, अंगाला साबणाचा वास घेऊन. मोएरोआ एक प्रश्न द्यायची आणि म्हणायची, "आधी एका वाक्यात मत. खरं असलं पाहिजे असं नाही. तुझं असलं पाहिजे." सुरुवातीला राकेई ते एक वाक्य लिहायलाच अर्धी सुट्टी घालवायची. मग एकदा, वृद्धांना दुपारी सक्तीने झोपवावं का, असा प्रश्न मोएरोआने मनानेच काढून दिला. राकेईने मान वर न करता पान भरलं. "झोपवूच नये," ती म्हणाली. "त्यांना झोप येत नसते. आम्हाला काम उरकायचं असतं म्हणून झोपवतात. आईलासुद्धा मी हे बोलले."

"मग? आई काय म्हणाली?"

"म्हणाली, फार शिकलीस."

कधीकधी तिला एकटं वाटू नये म्हणून मोएरोआही शेजारी कागद घेऊन लिहायची. एका मंगळवारी जुन्या प्रश्नांतला एक निघाला: काम संपलेलं गाव सोडून जावं की राहावं, तुमचं मत लिहा. राकेईचं पान भरलं. मोएरोआचं कोरंच राहिलं. घंटा झाली तेव्हा राकेईने तिच्या कागदाकडे पाहिलं आणि स्वतःची वही आवाज न करता मिटली.

ख्रिसमसला मेतुआ येऊन गेला होता. त्याने लाकडं फोडून ठेवली, गळकं छप्पर दुरुस्त केलं, आणि जाताना पुन्हा विचारलं नाही. फोन रविवारी येतच राहिले. ये की, बघू, जेवलीस, जेवले.

मेमध्ये राकेईने चाचणी दिली. हिवाळ्यात निकाल आला. मोएरोआला तो शाळेत कळलाच होता, आणि या वेळी तिने त्याच दिवशी फोन केला होता. पण तुआइने कामावर होती, फोन लागला नाही. संध्याकाळी सुपरमार्केटात गोठवलेल्या मटाराच्या पेटीपाशी दोघींची गाठ पडली.

"आलं ते," तुआइने म्हणाली.

"पाहिलं मी. फोन केला होता."

"आता जेवण-बिवण काही नाही हां. एकदा झालं. म्हातारबाबांना कळवलं, तर म्हणतात, झाली का बनवून सरकारची एकदाची?" ती हसली, मग हसता हसता तिचा आवाज चिरकला आणि तिने मोएरोआच्या हातातली टोपली काढून खाली ठेवली, तिला घट्ट मिठी मारली. दोघींच्या मध्ये मटाराचं गार पाकीट दाबलं गेलं. "फेब्रुवारीत हॅमिल्टनला जाईल ती. नर्सिंगला. ती नसली की घर खायला उठेल बघ."

"उठतं," मोएरोआ म्हणाली. "मग मंगळवारी ये माझ्याकडे."

रविवारी मेतुआचा फोन आला. "जेवलीस?" त्याने विचारलं.

"जेवले. राकेई पास झाली."

"कोण राकेई?"

मोएरोआच्या लक्षात आलं की आपण याला यातलं अक्षरही सांगितलेलं नाही. ती खुर्ची ओढून खिडकीपाशी बसली आणि सुरुवातीपासून सांगू लागली. सभेचं, डोनटच्या ताटाचं, आपण कशा दोन भाषांत बोलून गेलो त्याचं. मेतुआ मध्येच "अरे देवा" म्हणाला, आणि मग ऐकत राहिला. गोधडीचं सांगितलं, बटाट्यांचं सांगितलं. म्हातारबाबांचं भाषण त्याने पुन्हा एकदा सांगायला लावलं आणि इतका हसला की पलीकडे कुणीतरी त्याला काय झालं म्हणून विचारत होतं. ये की, असं त्या दिवशी तो म्हणाला नाही. तीही बघू म्हणाली नाही. बोलणं संपलं तेव्हा चहावर साय धरली होती. ती बोटाने बाजूला सारून मोएरोआने गार चहा पिऊन टाकला, आणि सोमवारच्या वर्गाच्या वह्या पुढे ओढल्या.